अक्काच्या स्थळांचं स्थलांतर

माझी थोरली बहीण जालन्याच्या मस्तगडात राहते आणि लोकांची लग्नं जमवते. सुरुवातीला तिच्याकडं फक्त एक लांबडी वही होती. डाव्या पानावर मुली, उजव्या पानावर मुलं. पुढं वह्या इतक्या झाल्या की भावजींनी कपाटातले स्वतःचे कपडे काढून खुंटीला लावले. मग कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की आता वेबसाइट पाहिजे. ती झाली, बरीच वर्षं बिनबोभाट चालली. मी नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसलो, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सकाळी सकाळी अक्काचा फोन आला.

"अरे, आपल्याला जागा खाली करायला सांगितलीय."

मी घाबरलो. मस्तगडातलं घर भावजींच्या मालकीचं होतं.

"कुणी सांगितलं?"

"इंग्रजीत सांगितलंय. तू ये जल्दी."

मी नवीन जालन्यात, स्टेशनच्या अंगाला राहतो. रिक्षा करून पोचलो तर भावजी निवांत पेपर वाचत होते आणि अक्का मोबाईल धरून उभी होती. तिला एक ईमेल आला होता. ज्या कंपनीकडं तिची वेबसाइट ठेवलेली होती, ती कंपनी आपला कारभार गुंडाळत होती. महिनाअखेरपर्यंत तुमची साइट आणि डोमेन दुसरीकडं हलवा, नंतर सगळं पुसलं जाईल, असं तिनं फार सभ्य भाषेत कळवलं होतं.

"मंग हलव," अक्का म्हणाली.

मी तीस वर्षं एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात होतो. माल रवाना करायचा, त्याच्या पावत्या कॉम्प्युटरवर काढायच्या, एवढंच माझं काम. पण घरात पहिल्यांदा माउस धरणारा मी असल्यामुळं अक्काच्या लेखी मी कॉम्प्युटरवाला होतो, आणि निवृत्तीनंतर तर फुकटातला कॉम्प्युटरवाला. मी म्हणालो, "अक्का, ज्यानं साइट बनवली त्याला विचारू."

साइट बनवणारा माणूस तेव्हा जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या वर सायबर कॅफे चालवायचा. सगळे त्याला नेटवाले भाई म्हणत. लोकांच्या खिशात नेट आल्यावर त्याचा कॅफे बंद पडला, आणि आता त्यानं अंबड रस्त्याला मोसंबीच्या रोपांची नर्सरी टाकली होती. आम्ही गेलो तेव्हा तो पाइप धरून रोपांना पाणी घालत होता. अक्काला बघून त्यानं पाइप खाली टाकला आणि घाईघाईनं दोन खुर्च्या आणल्या. त्याचंही लग्न अक्कानंच जमवलेलं. त्याच्या अम्मीनं मुलीचा पत्ता अक्काकडूनच नेला होता.

मी त्याला ईमेल दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला.

"मौसी, बघा," तो म्हणाला, "साइट म्हणजे दुकानातला माल. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी. माल तर मी आत्ता उचलून दुसरीकडं टाकतो, त्याचा पासवर्ड माझ्याकडं आहे. पण पाटी उतरवायला कंपनी ओटीपी मागते. आणि तो जातो माझ्या जुन्या नंबरवर."

"मंग बघ न जुन्या नंबरवर."

"तो नंबर मी सोडून दिला, मौसी. रोपांना पाणी घालून राह्यलो की फोन यायचा, प्रिंटर चालून न्हाई राह्यला. खत टाकून राह्यलो की फोन यायचा, कीबोर्डवर चहा सांडला. वैतागलो मी. नंबरच बंद करून टाकला."

बंद केलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते, हे मला माहीत होतं. म्हणून मी तो लावून पाहिला. रिंग गेली. एका बाईंनी उचलला. मी आपला 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला, कारण पुढं काय बोलायचं हे ठरलं नव्हतं.

"माझ्याकडं दे," अक्का म्हणाली. "बाईमाणसाशी बाईनंच बोलावं."

भाईनं मोबाईलवर काहीतरी दाबलं, ओटीपी पाठवला गेला, आणि अक्कानं फोन लावला. अक्काचा फोनवरचा आवाज वेगळाच असतो. मुलाकडच्यांना हुंडा मागू नका म्हणताना आणि मुलीकडच्यांना मुलाचं टक्कल सांगताना वापरून वापरून तो अगदी लोण्यासारखा झालेला आहे.

"ताई, नमस्कार. जेवण झालं का? हां... ताई, तुमच्या मोबाईलवर आत्ता एक नंबर आला असेल बघा. तेवढा सहा आकडी नंबर मला सांगता का?"

हे वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि मी कपाळावर हात मारला. फसवणारे बोलतात ते हेच वाक्य. शब्दाला शब्द.

पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "कोणत्या बँकेतून बोलताय?"

"बँकेतून न्हाई हो. मी लग्नं जमवते."

"अस्सं! आता लग्नाचं नाव सांगून लुटायला निघाले का तुम्ही लोक?"

फोन कट झाला. अक्कानं परत लावला. पुन्हा कट. भाईनं त्याच्या फोनवरून लावला, आणि "मॅडम, ओटीपी" एवढं म्हणताच त्याला मराठीत जे ऐकायला मिळालं ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही. नुसताच कानाला हात लावून बसला.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून स्वतः फोन केला आणि ओटीपी हा शब्द न काढता, सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. बाईंनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खरे असाल तर समोर या. मी अंगणवाडी सेविका आहे. दहा ते दोन अंगणवाडीतच असते. पोलीस पाटलालाबी बोलावून ठेवते." आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं. अंबडच्या पुढं, घनसावंगीच्या अलीकडं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भाईच्या रोपं वाहायच्या टेम्पोतून आम्ही निघालो. पुढं भाई, मध्ये मी, खिडकीशी अक्का. मागं कुणालातरी पोचवायची मोसंबीची रोपं होती, ती वाऱ्यावर माना हलवत होती. अक्कानं पुरावा म्हणून दोन वह्या, पिशवीभर लग्नपत्रिका आणि जोडप्यांच्या फोटोंचा एक जाडजूड अल्बम घेतला होता. मी लॅपटॉप मांडीवर घेतला होता. खड्डा आला की आधी लॅपटॉप वर उचलायचा आणि मग स्वतः आदळायचं, असा माझा प्रवास चालला होता.

अंगणवाडीत पोरं खिचडी खात बसली होती. ओसरीवर बचत गटाच्या दहा-बारा बाया जमल्या होत्या. एका खुर्चीत पोलीस पाटील बसले होते. सेविकाबाई चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा लावलेल्या. आम्ही चपला काढून ओसरीवर चढलो. अक्का तिच्या त्या खास आवाजात म्हणाली, "नमस्कार हो ताई, कशा आहात?"

आणि ओसरीवरच्या सगळ्या बाया एकदम म्हणाल्या, "हीच ती!"

झालं होतं असं की सेविकाबाई गटातल्या बायांना मोबाईलवरची फसवणूक कशी ओळखायची हे शिकवत होत्या. पंचायतीनं त्यांना ते काम दिलेलं. अक्काचा पहिला फोन त्यांच्या मोबाईलवर आपोआप रेकॉर्ड झाला होता, आणि दोन दिवस त्या तो बायांना नमुना म्हणून ऐकवत होत्या. त्यांनी आमच्यादेखत तो परत लावला. 'ताई, नमस्कार. जेवण झालं का?' अक्काचा आवाज सगळ्या ओसरीवर पसरला.

"बघा," सेविकाबाई बायांना म्हणाल्या, "आधी जेवणाची चौकशी. मंग नंबर."

मला वाटलं आता अक्का भडकणार. पण ती तोंडावर पदर धरून ऐकत होती. रेकॉर्डिंग संपल्यावर मला हळूच म्हणाली, "माझा आवाज इतका चांगलाय का रे?"

पोलीस पाटलांनी चौकशी सुरू केली. वह्या पाहिल्या, पत्रिका पाहिल्या, अल्बम उघडला. अल्बमभोवती बाया गोळा झाल्या. ही साडी छान, हा नवरदेव झोपेतच आहे, असं चाललं असताना एक बाई एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "आगं बया! ही तर माझी जाऊ."

अक्काचा चेहरा उजळला. "बघा! तुमच्या जावेचं लग्न मीच जमवलंय."

ती बाई सेविकाबाईंकडं वळली. "मंग तर बिलकुल नका देऊ नंबर."

ओसरीवर असा हशा झाला की आतली पोरं खिचडी टाकून बघायला आली. पोलीस पाटील हसताना खुर्चीत मागं रेलले ते रेललेच. पण त्या एका हशानं काम झालं. माणसं खरी आहेत हे सगळ्यांना पटलं. सेविकाबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास बसला. पण नंबर मी सांगणार न्हाई."

"का हो?" मी विचारलं.

"ह्या बायांना मी रोज सांगते, कुणालाबी सांगायचा न्हाई. कुणालाबी म्हणजे कुणालाबी. आज मी सांगितला तर उद्या त्या माझं कशाला ऐकतील?"

बरोबर होतं. मग त्यांनीच मार्ग काढला. "नंबर मी सांगत न्हाई. मीच टाकते. कुठं टाकायचा दाखवा, आणि तोंडं तिकडं करा."

आम्ही तिघं भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर फळांची चित्रं होती. मी केळ्यासमोर, भाई द्राक्षासमोर, अक्का अननसासमोर. मागं लॅपटॉपवर सेविकाबाई एका बोटानं आकडे दाबत होत्या आणि बाया लांबून बघत होत्या. पहिला ओटीपी गावातल्या रेंजमुळं इतका उशिरा आला की त्याची मुदत संपून गेली. दुसऱ्या वेळी एक आकडा चुकला. तिसऱ्या वेळी एका बाईचा आवाज आला, "हिरवं झालं!"

भाईनं वळून आधी सेविकाबाईंचा नंबर त्या खात्यातून काढून टाकला आणि अक्काचा घातला. बाईंनी चष्म्यातून ते नीट तपासून घेतलं. मग पाटी उतरवायचा जो काही कोड असतो, तो अक्काच्या ईमेलवर आला. निघताना भाईनं टेम्पोतलं एक मोसंबीचं रोप काढून अंगणवाडीच्या आवारात लावलं. ज्याची रोपं होती त्याला एक कमी पडलं असणार.

परत येताना अंबड आल्यावर अक्का म्हणाली, "त्या जावेला फोन करून विचारते मी, काय झालंय त्या दोघींत."

पुढचं काम सोपं आहे, असं भाई म्हणाला होता. त्यानं दुसऱ्या एका कंपनीकडं जागा घेतली, जुनीकडची सगळी माहिती एका फाइलीत भरली, नवीकडं नेऊन ओतली आणि डोमेनला नवा पत्ता दिला. "आता दोन दिवस थांबा," तो म्हणाला. "नवा पत्ता सगळीकडं पोचायला टाइम लागतो. तोवर कुणाच्या फोनवर जुनी साइट दिसेल, कुणाच्या फोनवर नवी."

खरोखर तसंच झालं. मस्तगडात अक्काच्या फोनवर जुनी साइट, स्टेशनकडं माझ्या फोनवर नवी. मी खुशीत नवी उघडली, तर सगळं मराठी गायब होतं. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, गावाच्या जागी प्रश्नचिन्हं, अपेक्षांच्या जागी तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. इंग्रजी आकडे तेवढे वाचले होते. त्यामुळं प्रत्येक स्थळाचं फक्त वय आणि उंची कळत होती.

मी अक्काला फोन केला. तिनं आधी एका मुलाचं वय आणि उंची सांगून त्याचं पान काढायला लावलं.

"त्याच्या अपेक्षेत काय दिसतंय?"

"नुसती प्रश्नचिन्हं."

"ते बराबर आहे. त्याच्या आईला काय पाह्यजे ते तिचं तिलाच कळत न्हाई."

पण दुपारी एक गृहस्थ तिच्या दारात आले तेव्हा तिचं हसू मावळलं. मीही तोवर तिथं पोचलो होतो. एका मुलीचे वडील. मुलाकडच्यांना त्यांनी मोठ्या कौतुकानं साइटवरचं मुलीचं पान बघायला सांगितलं होतं. यांच्या फोनवर जुनी साइट दिसत होती, सगळं व्यवस्थित. मुलाकडच्यांच्या फोनवर नवी.

"माझ्या पोरीच्या स्वभावापुढं सात प्रश्नचिन्हं!" ते म्हणाले. "त्यांनी मोजली. मला फोनवर मोजून दाखवली. काय म्हणायचंय काय तुम्हाला?"

"अहो, तिथं 'मनमिळाऊ' लिहिलेलं होतं," अक्का म्हणाली. "एका एका अक्षराचं एक चिन्ह झालंय. कॉम्प्युटरची गडबड झाली."

गृहस्थांनी बोटांवर मोजलं. "म, न, मि, ळा, ऊ. पाच. उरलेली दोन कशाबद्दल?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी भावजींकडं पाहिलं. भावजींनी पेपर वर धरला. शेवटी मी भाईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. भाई नर्सरीतून ओरडून म्हणाला, "वेलांटी आणि काना, साहेब! कॉम्प्युटर त्यांना अलग मोजतो!"

गृहस्थांनी परत मोजलं. पाच अक्षरं, एक वेलांटी, एक काना. सात. त्यांचा चेहरा सैल पडला. मग त्यांनी तिथूनच मुलाकडच्यांना फोन केला आणि वेलांटी आणि कान्याचा हिशेब त्यांना इतक्या जोरात समजावून सांगितला की शेजारची बाई खिडकीत आली.

संध्याकाळी भाई आला, खाली मान घालून. "मौसी, चूक माझीच. फाइल तिकडं टाकताना अक्षरांची जात सांगावी लागते. ते राहून गेलं."

"लग्नात विचारतात तेवढी पुरे न्हाई का?" अक्का म्हणाली. "आता कॉम्प्युटरलाबी लागायली?"

सुदैवानं जुन्या कंपनीकडचा माल अजून शाबूत होता. महिना संपायला पाच दिवस होते. भाई परत पहिल्यापासून फाइल काढायला बसणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "थांब. ह्यातल्या किती जणांची लग्नं झाली असतील. त्यांना कशाला उगीच नव्या जागी न्यायचं? मी एकेकाला विचारते."

दोन दिवस ती फोन करत बसली आणि मी शेजारी यादीवर खुणा करत बसलो. मला वाटलं होतं कंटाळवाणं काम असेल. तसं झालं नाही. एका मुलीनं फोन उचलला तेव्हा मागं तिची दोन लेकरं भांडत होती, आणि ती म्हणाली, "मौसी, माझा फोटो अजून आहे का तिथं? काढायच्या आधी मला पाठवा न, तो माझ्याकडं न्हाई." एकाच्या आईनं, "लग्न झालं, मोडलं, आता परत बघायलोय," असं एका दमात सांगितलं. कुणाचे वडील गेलेले, कुणाचं गाव बदललेलं. अक्का प्रत्येकाशी बोलायची. जेवण झालं का, हे आधी विचारायचीच.

यादीत शेवटाकडं भोकरदनकडचा एक जण होता. शाळेत शिक्षक. त्यानं नाव नोंदवलं तेव्हा तो तिशीचा होता, आणि साइटवर तेव्हापासून तिशीचाच राहिला होता. अक्कानं लग्नाचं विचारलं.

"न्हाई झालं, मौसी."

"मंग ठेवू नाव?"

"ठेवा," तो म्हणाला. "वय तेवढं आहे तसं राहू द्या."

मला हसू आलं. अक्काला नाही आलं. ती त्याला म्हणाली, "न्हाई रे बाळा. एक्केचाळीस लिहिते. जी येईल ती एक्केचाळिसाच्या माणसासाठी आली पाह्यजे."



"बरं," तो म्हणाला.

"आणि अपेक्षा? तू तर लई लांब लिहून दिलं होतंस. गोरी, नोकरीवाली, शहरातली..."

"ते सगळं काढा, मौसी. 'बोलणारी' एवढंच लिहा."

भाईनं या वेळी जात सांगितली. फाइल ओतली. आम्ही तिघं आणि भावजी, असे चौघं एका लॅपटॉपवर वाकून बघत होतो. मराठी उमटलं. वेलांट्या, काने, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी. अक्कानं त्या शिक्षकाचं पान उघडायला लावलं आणि चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

याला आता काही महिने झाले. साइट नव्या जागी सुरळीत चालली आहे आणि पासवर्ड अक्कानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, जे करू नये असं मी तिला दर भेटीत सांगतो. मागच्या आठवड्यात परतूरकडच्या एका बाईंनी स्वतःसाठी त्या शिक्षकाबद्दल विचारायला फोन केला होता. पोस्टात नोकरी करतात. अर्धा तास बोलल्या. अक्का म्हणते, तिला स्वतःला मध्ये एक शब्दही घालता आला नाही.